कागदाचे फुगे आणि पॅसिफिकपार गेलेले बॉम्ब

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात जपानने अमेरिकेच्या दिशेने सुमारे ९,३०० फुगे सोडले. फुगे कागदाचे. आत हायड्रोजन, खाली लोंबणारे बॉम्ब आणि पुढे न्यायला फक्त वारा. इंजिन नाही, वैमानिक नाही, जमिनीवरून दिशा देणारं कोणी नाही. तरीही त्यातले काहीशे फुगे सुमारे आठ हजार किलोमीटरचा पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिकेत आणि कॅनडात पोचले. एका खंडावरून दुसऱ्या खंडावर मारा करणारं जगातलं हे पहिलं अस्त्र मानलं जातं. त्याचं सांकेतिक नाव होतं ‘फू-गो’.

याविषयी बहुतेक वेळा ‘जपान्यांचा अजब प्रयोग’ अशा थाटात लिहिलं जातं. मला ते पटत नाही. या फुग्यांमागचं विज्ञान पक्कं होतं, कारागिरी अव्वल होती, यंत्रणा तर थक्क करणारी होती. आणि तरी लष्करी हिशेबात हाती जवळजवळ काही लागलं नाही. ज्यांचा जीव गेला ते सैनिकही नव्हते. हे असं का झालं, ते कळायला सुरुवात वाऱ्यापासून करावी लागते.

डोक्यावरची नदी

प्रवासी विमानं उडतात त्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटरवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगाने वारे वाहत असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा जिथे एकमेकींना भिडते, तिथे वरच्या थरात हवेच्या दाबात मोठा फरक पडतो. हवा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ पाहते, पृथ्वी फिरत असल्यामुळे ती उजवीकडे वळते आणि पूर्वेकडे धावणारा प्रवाह तयार होतो. तापमानातला फरक जितका जास्त, तितका वाऱ्याचा जोर जास्त. हिवाळ्यात सैबेरिया गोठलेला असतो आणि पश्चिम पॅसिफिक त्या मानाने उबदार, म्हणून जपानवरून वाहणारा हा वारा जगातल्या सर्वांत वेगवान वाऱ्यांमध्ये मोडतो. काही वेळा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. आपल्याकडे उत्तर भारतात हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी झंझावातही अशाच उंचावरच्या पश्चिमी प्रवाहाबरोबर येतात.

हा वारा जपानमध्ये प्रथम पद्धतशीर मोजला तो वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने. त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेचे ते प्रमुख. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी लहान फुगे आकाशात सोडून, दुर्बिणीने त्यांचा माग काढत १,२८८ निरीक्षणं नोंदवली. निष्कर्ष जगभर पोचावेत म्हणून त्यांनी १९२६ मध्ये अहवाल छापला तो एस्परान्टो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत. ती भाषा जगाला जोडेल यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. पुढे ते जपानच्या एस्परान्टो संस्थेचे अध्यक्षही झाले. पण जपानबाहेर तो अहवाल फारसा कोणी वाचला नाही.

याचा परिणाम वीस वर्षांनी दिसला. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ विमानं मारियाना बेटांवरून टोकियोवर पहिल्यांदा बॉम्ब टाकायला आली, तेव्हा नऊ-दहा किलोमीटर उंचीवर त्यांना इतका जोराचा वारा लागला की नेम धरणंच अवघड झालं. बहुतेक बॉम्ब लक्ष्य सोडून भलतीकडे पडले. ज्या वाऱ्याने अमेरिकी वैमानिक चक्रावले, त्याच वाऱ्यावर जपानचे फुगे त्या महिन्याच्या सुरुवातीपासून अमेरिकेकडे निघाले होते.

हे सुचलं कसं

१८ एप्रिल १९४२ रोजी अमेरिकेच्या हॉर्नेट या विमानवाहू जहाजावरून १६ बी-२५ विमानं उडाली आणि त्यांनी टोकियोसह जपानच्या काही शहरांवर बॉम्ब टाकले. डूलिटल छापा म्हणून तो ओळखला जातो. नुकसान थोडं झालं, पण सम्राटाच्या राजधानीवर शत्रूचं विमान आलं, ही गोष्ट जपानी लष्कराच्या जिव्हारी लागली. उट्टं काढायचं तर अमेरिकेच्या भूमीवरच काढायचं होतं, आणि तिथवर जाऊन परत येईल असं विमान जपानकडे नव्हतं.

फुग्यातून बॉम्ब नेण्याच्या कल्पनेवर जपानी सैन्यात त्याआधीपासून थोडंफार काम चाललं होतं. ते आता नोबोरितो इथल्या लष्करी संशोधन संस्थेत मेजर जनरल सुएकी कुसाबा यांच्या देखरेखीखाली नेटाने सुरू झालं. आधी बेत होता अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ पाणबुड्या नेऊन तिथून लहान फुगे सोडण्याचा. पण दक्षिण पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाच्या लढाईमुळे पाणबुड्या मिळेनाशा झाल्या. मग प्रश्न उरला की थेट जपानच्या किनाऱ्यावरूनच फुगा सोडला तर तो पोचेल का? हवामानशास्त्रज्ञ हिदेतोशी अराकावा यांनी वरच्या वाऱ्यांचा अभ्यास करून गणित मांडलं. उत्तर होकारार्थी होतं. हिवाळ्यात साधारण तीन दिवसांत फुगा पलीकडे पोचू शकत होता.

कागद आणि खळ

फुग्याचा व्यास १० मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी उंची. त्याचा कागद होता ‘वाशी’, जपानचा पारंपरिक हातकागद. तो कोझो नावाच्या झाडाच्या सालीच्या लांब धाग्यांपासून बनतो. हे झाड आपल्या तुतीच्याच कुळातलं. या कागदाचे तीन-चार थर एकावर एक चिकटवायचे, आणि त्यासाठी खळ वापरायची ती कोन्न्याकूची. कोन्न्याकू हा जपानी जेवणातला नेहमीचा कंद, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या सुरणाचा सख्खा भाऊबंद. त्याच्या पिठाची खळ कागदावर वाळली की असा पातळ, लवचीक पापुद्रा तयार होतो, ज्यातून हायड्रोजन सहजासहजी झिरपत नाही. रबर लावलेल्या कापडाशी तुलना करून पाहिल्यावर हा साधा कागदच सरस ठरला. सैन्याने कोन्न्याकूचा साठा ताब्यात घेतल्यामुळे बाजारातून तो पदार्थच गायब झाला.

एका फुग्याला सुमारे ६०० तुकडे लागत. हे काम करायला देशभरातून शाळकरी मुली आणल्या गेल्या, तेरा-चौदा वर्षांच्या, काही त्याहून थोड्या मोठ्या. शाळा बंद आणि वसतिगृहात मुक्काम. कोकुरा इथल्या शस्त्र कारखान्यात त्या बारा-बारा तास उभ्या राहून ओल्या कागदावर खळ फासत, आतला बुडबुडा अन् बुडबुडा बोटांनी दाबून काढत. एक बुडबुडा राहिला तर तिथून वायू गळणार. थंडीत बोटं फुटत. खायला इतकं कमी मिळे की काही मुली ती खळच चोरून खात, असं त्यांनी म्हातारपणी सांगितलं आहे. तयार फुगा हवा भरून तपासायचा तर तेवढी मोठी जागा हवी. त्यासाठी टोकियोची नाट्यगृहं आणि सुमो कुस्त्यांचा आखाडा असलेलं कोकुगिकान सभागृह वापरण्यात आलं.

या मुलींचा भाग मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उंची राखणारं चाक

आता यंत्रणेकडे येऊ. दिवसा ऊन लागलं की फुग्यातला वायू तापून फुगतो आणि फुगा वर चढतो. फार वर गेला तर तो फाटणार. रात्री वरच्या हवेचं तापमान उणे ५० अंशांच्या आसपास जातं, वायू आकसतो आणि फुगा खाली येऊ लागतो. फार खाली आला तर जेट स्ट्रीममधून बाहेर पडून समुद्रात जाणार. म्हणजे तीन दिवस आणि दोन-तीन रात्री, कोणी माणूस नसताना, फुग्याने स्वतःच आपली उंची सांभाळायची.

दिवसाचा प्रश्न झडपेने सोडवला. फुग्याच्या तळाशी स्प्रिंगची झडप होती. आतला दाब वाढला की ती उघडे, जादा वायू निघून जाई आणि ती पुन्हा मिटे. शिवाय जमिनीवर सोडताना फुगा मुद्दामच अर्धवट भरत. दहा किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पाव भाग असतो, त्यामुळे वर जाता जाता तोच वायू पसरून फुगा गच्च भरे.

रात्रीसाठी होत्या वाळूच्या पिशव्या. फुग्याखाली दोरांनी टांगलेलं ॲल्युमिनियमचं एक चाक, आणि चाकाच्या कडेला ३२ पिशव्या. वर वायुदाबमापक. फुगा साधारण नऊ किलोमीटरच्या खाली उतरला की बाहेरचा दाब वाढे, दाबमापकातली पातळ चकती हले, विजेचं मंडळ पूर्ण होई आणि बारुदाचे दोन छोटे बार उडत. चाकाच्या समोरासमोरच्या दोन पिशव्या एकदम सुटत, म्हणजे तोल जात नसे. वजन कमी झालं की फुगा पुन्हा वर. पण तो वर चढायला वेळ घेणार, आणि तेवढ्यात दाबमापकाने पुढची जोडीही टाकली तर? म्हणून प्रत्येक बाराबरोबर एक वात पेटे. ती सुमारे दोन मिनिटं जळल्यावरच पुढची जोडी सज्ज होई. सुरुवातीला फुगा जमिनीवरून वर चढत असतानाच पिशव्या पडू नयेत म्हणूनही वेगळी वात होती, ती सुमारे तासाभराने यंत्रणा चालू करी. बॅटरी थंडीने गोठू नये म्हणून तिच्याभोवती न गोठणाऱ्या द्रवाचं पारदर्शक आवरण दिलं होतं.

हिशेब असा की पिशव्या संपेपर्यंत फुगा अमेरिकेवर आलेला असेल. मग त्याच क्रमाने पुढचं ओझं पडायचं: सामान्यतः १५ किलोचा एक स्फोटक बॉम्ब आणि काही छोटे आगलावे बॉम्ब. शेवटी फुग्याला जोडलेली लांब वात पेटे आणि ८२ मिनिटांनी फुगा स्वतःच जळून जाई, म्हणजे मागे पुरावा राहू नये. संगणक नाही, ट्रान्झिस्टर नाही. दाबमापक, बारूद, वाती आणि वाळू यांच्यावर हे सगळं चालत होतं.

अर्थात दर वेळी चालत नसे. बर्फाळ ओलाव्याने बार फुसके निघत, बॅटऱ्या दगा देत. पुष्कळसे फुगे समुद्रातच पडले असावेत. काही पलीकडे पोचले, पण बॉम्ब न टाकताच झाडात किंवा शेतात येऊन पडले. ही त्रुटी ध्यानात ठेवा, कारण पुढे तिनेच जीव घेतला.

मौन

पहिले फुगे ३ नोव्हेंबर १९४४ रोजी सुटले. दिवस मुद्दाम निवडलेला होता, तो सम्राट मेजींचा जन्मदिवस. ठिकाणं तीन, सगळी जपानच्या पूर्व किनाऱ्यावर: ओत्सु, इचिनोमिया आणि नाकोसो.

दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रोपासून काही अंतरावर अमेरिकी नौदलाला समुद्रात एक फुगा मिळाला. तो होता जपानी नौदलाने बनवलेल्या रेशमी फुग्यांपैकी, आणि त्यावर रेडिओ होता. डिसेंबरमध्ये मोंटाना राज्यात कॅलिस्पेलजवळ लाकूडतोड्यांना कागदी फुगा सापडला. हे येतं कुठून? जपानहून थेट वाऱ्यावर येत असेल यावर सुरुवातीला विश्वास बसेना. कोणी म्हणालं पाणबुडीतून सोडत असतील. कोणी संशय घेतला तो जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना ज्या छावण्यांत डांबून ठेवलं होतं, त्यांच्यावर. निरपराध कुटुंबांवर आणखी एक आळ.

कोडं सोडवलं वाळूने. पिशव्यांमधली वाळू अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या लष्करी शाखेकडे गेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले डायटम आणि फोरामिनिफेरा या सूक्ष्म जीवांचे कवच, शिंपल्यांचे कण, खनिजांचं प्रमाण तपासलं. पोवळ्याचा कण नव्हता, म्हणजे वाळू जपानच्या दक्षिण किनाऱ्याची नाही. जुन्या जपानी भूगर्भशास्त्रीय नोंदींशी ताडून पाहत त्यांनी दोन संभाव्य किनारे सांगितले, त्यातला एक इचिनोमियाचा. तो अगदी बरोबर निघाला. मूठभर वाळूवरून शत्रूचा तळ ओळखणाऱ्या या लोकांचं नाव युद्धाच्या इतिहासात जेमतेम येतं, याची हळहळ वाटते.

सरकारने मात्र वेगळाच उपाय योजला. ४ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेच्या सेन्सॉर कार्यालयाने वर्तमानपत्रांना आणि रेडिओ केंद्रांना विनंती केली की फुग्यांविषयी अवाक्षर काढू नका. आणि जवळजवळ सगळ्यांनी ते पाळलं. टोकियोत अधिकारी अमेरिकी बातम्या चाळत बसले होते. वणवे किती लागले, माणसं किती मेली. एखाददुसऱ्या त्रोटक उल्लेखाखेरीज काही मिळेना. बाण लागला की नाही हे तिरंदाजाला कळलंच नाही. जपानी प्रचारयंत्रणेने मोठमोठ्या आगींचे दावे केले, पण सेनाधिकाऱ्यांना स्वतःलाच त्यावर भरवसा नव्हता. त्यात बी-२९ विमानांच्या हल्ल्यांत हायड्रोजन पुरवणारे कारखाने उद्ध्वस्त झाले, आणि एप्रिल १९४५ मध्ये मोहीम गुंडाळण्यात आली.

आणि वणवे? ते लागलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. इथे मूळ योजनेतलीच अडचण उघडी पडते. जेट स्ट्रीमचा पूर्ण जोर नोव्हेंबर ते मार्च. नेमक्या त्याच महिन्यांत ओरेगॉन, वॉशिंग्टन, ब्रिटिश कोलंबियाची जंगलं पावसाने आणि बर्फाने चिंब असतात. जंगल वाळतं उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात वारा मंदावतो. फुगा नेणारा हंगाम आणि आग लागणारा हंगाम कधी एकत्र येणारच नव्हते.

अमेरिकेला खरी धास्ती होती रोगजंतूंची. फुग्यातून गुरांमध्ये बुळकांडीसारखा रोग पसरवला तर? म्हणून पशुवैद्यांना आणि शेतकऱ्यांना गुपचूप सावध केलं गेलं. तसा हल्ला झाला नाही. वणवे विझवायला काळ्या सैनिकांची ५५५वी पॅराशूट बटालियन ओरेगॉनमध्ये आणली गेली. तोवर फुगे येणं थांबलं होतं, पण त्या सैनिकांनी जंगलातल्या ३६ आगींवर १,२०० हून अधिक उड्या मारल्या.

सर्वांत मोठं ‘यश’ अपघाताने मिळालं आणि जपानला ते कळलंही नाही. १० मार्च १९४५ रोजी एक फुगा वॉशिंग्टन राज्यात विजेच्या मुख्य तारांवर अडकला. शॉर्ट सर्किट झालं आणि हॅनफर्डच्या अणुभट्ट्या बंद पडल्या. तिथे प्लुटोनियम बनत होतं. पाच महिन्यांनी नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डचंच. राखीव वीजव्यवस्था लगेच सुरू झाली आणि काम पुन्हा मार्गी लागलं.

ब्लाय

५ मे १९४५, शनिवार. ओरेगॉनमधल्या ब्लाय या छोट्या गावचे पाद्री आर्ची मिचेल आपली गरोदर पत्नी एल्सी आणि रविवारच्या शाळेतली पाच मुलं घेऊन गिअरहार्ट डोंगरावर सहलीला निघाले. मुलं ११ ते १४ वर्षांची. एल्सी आणि मुलं गाडीतून उतरून पुढे चालत गेली. मिचेल गाडी लावत होते आणि रस्त्याचं काम करणाऱ्यांशी बोलत होते. मुलांना जंगलात काहीतरी पडलेलं दिसलं. ती गोळा झाली. स्फोट झाला. एल्सी आणि पाचही मुलं गेली.

फुगा तिथे कित्येक आठवडे पडून होता. त्याच्याखाली न वितळलेला बर्फ सापडला. न सुटलेला बॉम्ब, म्हणजे तीच मघाची त्रुटी. फुगे सोडणं थांबून दोन-तीन आठवडे झाले होते. अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, हे त्या मुलांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायला बंदी होती. मौनामुळे जपानची मोहीम थांबायला मदत झाली हे खरं, पण त्याची किंमत ब्लायच्या लोकांनी मोजली, आणि त्यांना विचारून कोणी ती ठरवली नव्हती. सुरुवातीला तर स्फोटाचं कारणही जाहीर केलं गेलं नाही. महिनाअखेरीस सरकारने फुग्यांची माहिती देऊन लोकांना सावध केलं. शत्रूच्या कारवाईत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर दुसऱ्या महायुद्धात मेलेली माणसं एवढीच, सहा. १९५० मध्ये त्या जागी दगडी स्मारक उभारण्यात आलं.

फुगे बनवणाऱ्या मुलींना हे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. १९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठातल्या एका जपानी-अमेरिकन प्राध्यापकामुळे ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. हे प्राध्यापक स्वतः लहानपणी ब्लायपासून फार लांब नसलेल्या ट्यूल लेकच्या छावणीत बंदी होते, आणि त्यांच्या एका बालमित्राची पत्नी फुगे बनवणाऱ्यांपैकी होती. आता पन्नाशी-साठीला आलेल्या त्या बायकांनी एक हजार कागदी क्रौंच घडवले आणि पत्रांसह ब्लायच्या कुटुंबांना पाठवले. ज्या वयात त्यांनी खळ फासली, साधारण त्याच वयाची मुलं त्या बॉम्बने गेली होती, हे त्यांना आतून लागलं होतं. १९९५ मध्ये स्मारकापाशी चेरीची झाडं लावली गेली.

अजून जंगलात

सोडलेल्या ९,३०० पैकी साधारण ३०० फुग्यांचाच माग लागला. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत आणि पूर्वेला थेट मिशिगनपर्यंत. पलीकडे पोचलेल्यांची संख्या याहून बरीच मोठी असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे उरलेले कुठेतरी डोंगरात पडून आहेत. कागद केव्हाच कुजला असेल, पण चाक, दोर आणि बॉम्ब कुजत नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या लंबी गावाजवळ जंगलात काम करणाऱ्यांना जमिनीत अर्धवट रुतलेला एक बॉम्ब सापडला. तो हलवणं धोक्याचं होतं. कॅनडाच्या नौदलाचं बॉम्बनाशक पथक बोलावलं गेलं आणि त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीचा तो बॉम्ब जागच्या जागीच उडवून दिला.